पोत्याआडची डोलोफिना

बाजाराच्या दिवशी डोलोफिना न्कोमा रस्त्याने येताना दिसली की माणसं आपोआप बाजूला होतात. सायकलवाले उतरतात, कोळसेवाले पोती टाकून झाडाआड जातात, आणि एरवी माझ्या कढईभोवती घोंगावणारी गिऱ्हाइकं कुठे गडप होतात कळत नाही. कारण तिच्या डाव्या हातावर पांढऱ्या तोंडाचं घुबड बसलेलं असतं. हाताला नखं लागू नयेत म्हणून तिने जुन्या गमबुटाची नळी कापून चढवलेली असते. घुबड डोळे अर्धे मिटून, सगळा बाजार आपल्याच मालकीचा असल्यासारखं बसतं.

"एलुबी, मंडासी दे गरम गरम," ती म्हणते. "आज गर्दी नाही वाटतं?"

"तू आलीस ना, आता कशी राहील? घे आणि चालती हो. माझा धंदा बुडवशील."

"रस्ता कसा मोकळा मिळतो बघ. मंत्र्यालासुद्धा एवढा मिळत नसेल."

मी मंडासी, म्हणजे पिठाचे गोळे, तळते आणि ते तळत बसते आमच्या काफुलू गावच्या मोठ्या उंबराखाली. गावची बैठकही याच झाडाखाली भरते. त्यामुळे कोणाची बायको कोणाशी भांडली, कोणाची शेळी कोणाच्या मक्यात शिरली, हे सगळं मला बसल्या जागी कळतं. डोलोफिनाची हकिगतही मी इथूनच पाहिली, म्हणून सांगते. लोक तिच्याबद्दल भलतंसलतं सांगतात, आणि माझं डोकं फिरतं.

घुबड घरावर बसलं की त्या घरातलं कोणीतरी जाणार, हे आमच्याकडे अंगावर पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. चेटकी लोक त्याच्यावर बसून फिरतात, हेही ठाऊक असतं. मी मानते की नाही ते मला विचारू नका. मी आपली कढईकडे बघते.

ज्या साली गावात हगवणीची साथ आली, त्या साली हे सगळं सुरू झालं. साथ पाण्यातून आली असं दवाखान्यातली बाई घसा फोडून सांगत होती. पण पाण्याला दगड मारता येत नाही. तंबाखू वाळवायच्या जुन्या कोठीत घुबडाची एक जोडी राहायची, तिला मारता येत होतं. पोरांनी कोठी पेटवली, बाहेर पडली ती दोन्ही घुबडं खाली पाडली, आणि मग सगळे छाती पुढे काढून उभे राहिले. डोलोफिना तेव्हा गिरणीवर पोती भरायच्या कामाला होती. धूर बघून ती धावत आली, कोणाला काही न विचारता कोठीत शिरली आणि बाहेर आली ती हातात एक पिल्लू घेऊन. कुरूप म्हणजे किती कुरूप. अंगावर पिसं नाहीत, नुसती लव, आणि नाक म्हाताऱ्यासारखं. तिने ते कमरेच्या कापडात गुंडाळून छातीशी बांधलं, आम्ही पोरं बांधतो तसं.

"बाई, टाक ते," पोरं म्हणाली.

"ये ना," ती म्हणाली, "काढून घे माझ्या छातीवरून. तुझ्या आईला सांगते मग, तुझा हात कुठे कुठे जातो ते."

कोणी पुढे आलं नाही.

घरी नवऱ्याने, विलिसोनने, पिल्लू पाहिलं आणि आपली चटई गुंडाळली. आमच्यात घर बाईचं असतं, शेत बाईचं असतं, नवरा लग्न होऊन येतो. म्हणून रागावला की चटई काखेत मारून आईच्या गावी जायचं, एवढाच त्याच्या हातात उपाय. विलिसोन गेला. चार दिवसांनी परत आला, कारण तिकडे त्याच्या बहिणी त्याला मक्याच्या पिठाचा नसिमा रांधून घालीनात. "आहे का अजून ते?" त्याने दारातून विचारलं. "आहे," ती म्हणाली, "आणि तुझ्यापेक्षा कमी खातं." तो आत येऊन जेवायला बसला.

तिने पिल्लाचं नाव ठेवलं मुलेकेनी. आमच्या भाषेत याचा अर्थ 'राहू द्या त्याला.' आमच्याकडे शेजाऱ्यांना जे तोंडावर सांगता येत नाही ते पोराच्या नावात सांगायची रीत आहे. तिने तर तोंडावरही सांगितलं आणि नावातही सांगितलं.

गिरणीत उंदीर म्हणाल तेवढे. ती ते सापळ्यात धरून, बारीक करून, तासातासाला त्याला भरवायची. भरवताना बोलायची, गायची, त्याच्या डोक्यावर फुंकर घालायची. मुलेकेनी वाढला. आणि इथेच तिची चूक झाली, जी तिला लिलाँग्वे शहरात गेल्यावर कळली. पंख नीट वाढले तरी तो झाडावर जाईना, जाऊन जाऊन तिच्या खांद्यावर यायचा. म्हणून ती त्याला टोपलीत घालून शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन निघाली. टोपलीत काय आहे ते कळताच मिनीबसच्या पोराने तिला अर्ध्या वाटेत उतरवलं. ती उरलेली वाट चालत गेली आणि पोचल्यावर आधी त्या मिनीबसवाल्याला शिव्या घातल्या, मग डॉक्टरांना नमस्कार केला.

डॉक्टरांनी मुलेकेनीला तपासलं आणि तिलाच रागे भरले. "बाई, तुम्ही याला माणूस केलात. याला आता घुबड म्हणजे काय तेच ठाऊक नाही. रानात सोडलात तर पहिल्या दिसेल त्या माणसाच्या खांद्यावर जाऊन बसेल. तो माणूस काय करील?"

"मारील," ती म्हणाली.

"मग हा आता जन्मभर तुमच्याजवळ. पण पुन्हा असं करू नका." आणि त्यांनी तिला शिकवलं. मोडलेला पंख अंगाशी कसा बांधायचा, पाणी कसं पाजायचं नाही, कोणता पक्षी तिच्या हातचा नाही आणि सरळ दवाखान्यात आणायचा. सर्वात महत्त्वाचं सांगितलं ते पिल्लांबद्दल. पिल्लाला भरवताना त्याला माणसाचं तोंड दिसता कामा नये, आवाज ऐकू येता कामा नये. तोंड झाका, गप्प राहा. तरच ते मोठं झाल्यावर माणसाला घाबरेल, आणि घाबरलं तरच जगेल.

हे ती मला सांगत होती तेव्हा रडली. डोलोफिना रडताना मी तेवढी एकदाच पाहिली. "मी त्याच्यावर माया केली एलुबी, आणि मायेनेच त्याचं वाटोळं केलं," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "ठीक आहे. झाला ना माणूस? मग माणसांत वावरू दे. तोच यांना शिकवील."

तेव्हापासून ती त्याला घेऊन बाजारात, गिरणीवर, शाळेच्या कुंपणाशी जायला लागली. मास्तरांनी आधी फाटक लावून घेतलं. ती फाटकाबाहेर बसली. पोरं वर्गात बसतायत होय? सगळी कुंपणाला चिकटली. शेवटी मास्तरच म्हणाले, या बाई आत, निदान सावलीत तरी बसा. ती पोरांना लांबलचक काही सांगायची नाही. मुलेकेनीला त्यांच्यासमोर उंदीर द्यायची. तो अख्खा उंदीर गिळायचा, शेपटी थोडा वेळ बाहेर लोंबायची, आणि पोरं किंचाळायची. "हा उंदीर तुमच्या मक्याच्या कणगीतला," ती सांगायची. "आता याला दगड मारायचा असेल तर मारा. पण आधी जवळ येऊन त्याच्या डोळ्यांत बघा. लांबून कोणीही मारतं."

हळूहळू लोक चोरून तिच्याकडे यायला लागले. भाजीच्या वाफ्यावर घातलेल्या मच्छरदाणीत अडकलेलं घुबड, मोटारीने उडवलेलं घुबड, पोत्यात घालून, झाकून, तिच्या अंगणात ठेवून पळून जायचे. नाव सांगायचे नाहीत. तिने घरामागे गवताचं एक खोपट बांधलं. त्यात जखमी पक्षी आणि अनाथ पिल्लं. बरी झाली, उडायला लागली की ओढ्याच्या रानात सोडून यायची, आणि ती मागे वळूनही बघत नाहीत म्हणून खूश व्हायची. आणि पिल्लांना भरवताना, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, डोक्यावरून पिठाचं पोतं घ्यायची. डोळ्यांपुरती दोन भोकं. अंग झाकलेलं, तोंड झाकलेलं, चिमट्यात उंदराचा तुकडा, आणि एक अक्षर बोलणं नाही.

आता आमच्या गावात तोंड कोण झाकतं? मुखवट्याचे. मोठा नाच असतो तेव्हा स्मशानाकडच्या रानातून पितर येतात, जनावरं येतात, मुखवटे घातलेली. म्हणजे मुखवटे म्हणायचं नाही, तीच त्यांची तोंडं. आत माणूस असतो असं बाईने म्हणायचं नाही, पोरांनी म्हणायचं नाही, आणि पुरुषाने तर मेला तरी म्हणायचं नाही. आता लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याची पावलं कोणती बायको ओळखत नाही? माझा नवरा हरणाच्या रूपात नाचतो तेव्हा त्याची डाव्या पायाची करंगळी मला दहा हातांवरून दिसते. पण मी भक्तिभावाने बाजूला सरकते आणि म्हणते, पितर आले.

जैलोसी हा या नाचाचा पुढारी. डोलोफिनाचा शेजारी. एका संध्याकाळी त्याची कोंबडी तिच्या खोपटाकडे गेली म्हणून तो मागे गेला, गवताच्या फटीतून आत डोकावला, आणि त्याला दिसलं ते असं की तोंड नसलेलं काहीतरी खाली वाकलंय आणि घुबडांना मांस भरवतंय. त्याने जी बोंब ठोकली ती माझ्या कढईपर्यंत आली. पळताना कुंपणात लुंगी अडकली ती तिथेच राहिली. डोलोफिनाने ती दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी घालून त्याच्या बायकोकडे पोचती केली. हे तिने करायला नको होतं. भीती माणूस विसरतो, लुंगी विसरत नाही.

त्यातच जैलोसीचा थोरला भाऊ गेला. दोन वर्षं खोकत होता बिचारा, सगळ्या गावाला आवाज पाठ झाला होता. पण मुलेकेनी आदल्या दिवशी त्याच्या छपरावर बसला होता, आणि तेवढं पुरलं. जैलोसीने बैठक बोलावली. मागणी अशी की घुबड मारायचं, खोपट जाळायचं, आणि या बाईने मुखवट्याची विटंबना केली म्हणून तिला दंड करायचा.

बैठकीला सगळं गाव आलं. मागे तरणी पोरं उभी होती, त्यांच्या मुठीत दगड होते ते मी इथून बघत होते. गावप्रमुख, ज्यांना आम्ही म्फुमू म्हणतो, खुर्चीवर बसले. डोलोफिना जमिनीवर, हातावर मुलेकेनी. विलिसोनने चटई आणली होती, पण या वेळी ती त्याने तिच्या शेजारी पसरली आणि वर बसला. तिच्या दुसऱ्या बाजूला लामेकी मामा. तिच्या आईचे भाऊ. आमच्यात बाईच्या वतीने बैठकीत बोलतो तो तिचा मामा. बहिणी, भाच्या, त्यांची पोरं, या सगळ्यांचा तोच बोलका माणूस, आणि गावात त्याला जी खुर्ची मिळते ती त्यांच्याच जिवावर. लामेकी मामा बैठकीचा काळा कोट घालून आले होते आणि घुबडापासून जेवढं लांब बसता येईल तेवढे लांब बसले होते. घुबडाला ते गावात सगळ्यांत जास्त भीत. लहानपणापासून.

जैलोसी बोलला. बराच वेळ बोलला. मग म्फुमूंनी मामांकडे पाहिलं.

मामा उठले. "म्फुमू, पोर अडाणी आहे. मी एक कोंबडी आणलीय. पक्षी देऊन टाकू. पोरीच्या वतीने मी माफी मागतो."

"मामा," डोलोफिना बसल्या बसल्या म्हणाली, "कोंबडी तुमची आहे, ती द्या. पक्षी माझा आहे."

बायका हसल्या. मामा तिच्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "गप बस. माझी लाज काढू नकोस."

"मी नाही काढत. म्फुमू, मामा माझ्या वतीने नाही बोलत, स्वतःच्या भीतीच्या वतीने बोलतायत. मला जैलोसीदादाला एक विचारू द्या. मग काय ते करा."

म्फुमूंनी मान हलवली.

"दादा, मी तोंडावर पोतं घेतलं. कोणाची नक्कल केली मी?"

"मुखवट्याची. माहीत नाही होय तुला?"

"मुखवट्यात कोण असतं?"

जैलोसी चमकला. "पितर असतात. कोण असणार?"

"पितर. रानातून येतात ते. म्हणजे त्यांनी तोंड झाकलेलं नसतं. तेच त्यांचं तोंड. मला तर आजीने असंच शिकवलं."

"बरोबर शिकवलं."

"मी मात्र माणूस आहे आणि मी माझं माणसाचं तोंड झाकलं. मग नक्कल कशी झाली?" ती थांबली. "का आत माणूस असतो, आणि तो तोंड झाकतो, असं तुला म्हणायचंय? समोर बायकापोरं बसलीत. सांग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू दे."

पुरुष जमिनीकडे बघायला लागले. माझ्या नवऱ्याने डावा पाय उजव्या पायाखाली घेतला. कुठल्यातरी म्हातारीला खोकला आला, आणि तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं. जैलोसी बोलणार काय? हो म्हटलं तर त्याचीच गादी जाते, नाही म्हटलं तर खटला जातो.

"मुखवट्याचा विषय संपला," म्फुमू घाईने म्हणाले. "खोपट राहू दे. पण पक्षी गावात नको. लोक भितात. मी मारा म्हणत नाही. त्याला रानात सोडून ये."

हा निकाल ऐकून लोकांनी माना डोलावल्या. मधला मार्ग सगळ्यांना आवडतो, ज्याला मरायचं असतं तो सोडून.

डोलोफिना उठून उभी राहिली. "म्फुमू, याला रानात सोडलं तर हा खाली येईल आणि पहिल्या माणसाच्या खांद्यावर बसेल. मागे उभी आहेत ती पोरं, त्यांच्यातल्याच एखाद्याच्या. मुठीत काय आहे त्यांच्या, बघितलंत? मारायचाच असेल तर मारा म्हणा. रानाला कशाला मध्ये आणता?"

"मी निकाल दिला आहे."

"मग मीपण निकाल देते. हा गेला तर मी जाते. विलिसोनच्या गावी राहीन, लोक हसले तर हसू देत. माझ्या मुली माझ्याबरोबर येतील, त्यांच्या मुली येतील. धाकटी बहीणही येईल, विचारा तिला." बहिणीने लगेच मान डोलावली, जशी काही पडवीत तिचं गाठोडं बांधलेलंच होतं. डोलोफिना मामांकडे वळली. "मग तुम्ही बसा इथे, मामा. कोट घालून बसा. पण मामा कोणाचे?"

हे बोलणं फार कडू होतं. मी त्यांच्या जागी असते तर झाडामागे जाऊन बसले असते. आमच्यात माणूस म्हातारा झाला, श्रीमंत झाला, तरी त्याच्या मागे बहिणीभाच्या नसतील तर त्याला कोणी बैठकीत बोलूसुद्धा देत नाही. लामेकी मामा कोटाचं बटण लावत होते, काढत होते.

मग ते म्हणाले, "म्फुमू, माझं बोलणं मी मागे घेतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तो पक्षी आमच्या घरचा आहे. माझ्या भाचीने छातीशी बांधून वाढवला. तिने बांधून वाढवलं ते सगळं माझं भाचवंड." मागून कोणीतरी फिसकन हसलं. मामांनी तिकडे असं पाहिलं की हसू आत गेलं. "हसा. घुबडाचा मामा म्हणा मला. आहे मी. त्याच्याबद्दल तक्रार असेल तर ती माझ्याकडे आणायची, रीतीप्रमाणे, कोंबडी घेऊन. आणि आमच्या घरच्याला गावाबाहेर काढायचं तर आधी मला विचारावं लागतं. मी नाही म्हणतो."

रीत म्फुमूंना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. ते म्हणाले, "मामा नाही म्हणतो. मग मी काय बोलणार?"

डोलोफिना मामांसमोर गेली. "नुसतं तोंडाने नका म्हणू, मामा. घ्या त्याला."

"हातावर?"

"पोर आपलं म्हटलं की हातावर घेतात."

मामांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी कोटाची बाही मनगटावर ओढली, डोळे मिटले आणि हात पुढे केला. मुलेकेनी माणसाळलेला, त्याला काय, टुणकन गेला. काळ्या कोटावर पांढऱ्या तोंडाचं घुबड बसलं आणि त्याने मान फिरवून सगळ्या गावाकडे पाहिलं. मामा अजून डोळे मिटूनच होते.

"मामा, हात खाली नका सोडू," डोलोफिना म्हणाली. "तो खांद्यावर चढेल."

मामांनी हात वर उचलला. डोळे उघडले. मग मागच्या पोरांकडे बघून म्हणाले, "आता मारा."

पोरांनी एकेक करून दगड खाली टाकले. जैलोसी उठून घरी गेला. डोलोफिनाने दोनतीनदा म्हटलं, द्या मामा आता इकडे, पण मामा त्याला हातावर घेऊन तसेच उभे राहिले.